गणपतीत दाखवायला देवाधर्मावरचा विनोदी सिनेमा सुचवा (कोणी उठून जाणार नाही असा)

नाइलाजाने_उपाध्यक्ष

मंडळी, मदत हवी आहे. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, तीन विंगा, बहात्तर फ्लॅट. गणपती दहा दिवसांचा, मूर्ती तीन फुटी शाडूची. पाचव्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढायच्या आणि तिथे सिनेमा लावायचा, ही पद्धत मी इथे राहायला आलो त्याच्याही आधीची. पडदा म्हणजे डेकोरेटरकडची पांढरी चादर, प्रोजेक्टर भाड्याचा, आणि दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद.

गेल्या वर्षी पोरांच्या आग्रहाने ‘पीके’ लावला. शंकराच्या वेशातला नट स्वच्छतागृहात सापडतो आणि आमिर खान त्याला खरा देव समजून मागे लागतो, तिथे ए विंगच्या एका काकांनी खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि सरळ लिफ्टकडे निघाले. खुर्ची सोसायटीची होती. अजून त्यांच्याकडेच आहे. मागायला जायची कोणाची छाती नाही.

यंदा सिनेमाचं खातं माझ्या गळ्यात आलंय. बैठकीत ठरलं ते असं : देवाधर्माचा हवा कारण गणपती आहे, विनोदी हवा कारण नाहीतर पोरं बसत नाहीत, आणि कोणी उठून जाता कामा नये. आमच्यात माळकरी आहेत, दोन ख्रिश्चन कुटुंबं आहेत, एक मुस्लिम कुटुंब आहे, आणि एक गृहस्थ असे आहेत की दरवर्षी वर्गणी देतात आणि वर ‘मी मानत नाही’ असं पावतीवर लिहून मागतात. सुचवा काहीतरी.

पोळीभाजी_केंद्र

‘नवरा माझा नवसाचा’. 2004. मुलगा झाला तर त्याला नागडा गणपतीपुळ्याला आणीन असा बापाचा नवस, मुलगा घोडा झाला तरी फिटलेला नाही. एसटीत सगळा महाराष्ट्र बसलेला, अशोक सराफ कंडक्टर. विषय संपला.

नाइलाजाने_उपाध्यक्ष

तो दोनदा होऊन गेलाय. आमच्याकडे त्याचे संवाद स्पीकरच्या आधी प्रेक्षकांतून येतात. 2024 चा दुसरा भागही सगळ्यांनी थेटरात पाहिलाय.

बाकड्यावरचा_वकील

‘ओ माय गॉड’ लावा. 2012 चा, परेश रावल. भूकंपात दुकान पडतं, विमेवाले म्हणतात ही देवाची करणी, पैसे मिळणार नाहीत, मग हा कांजीभाई देवावरच दावा ठोकतो. मूळ गुजराती नाटक ‘कांजी विरुद्ध कांजी’. आम्हा वकील मंडळींना पहिला तास फार आवडतो. नोटीस बजावायची तर पत्ता कोणता, हा प्रश्नच झकास आहे.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र माझी तक्रार आहे. अक्षय कुमार कृष्ण होऊन मोटरसायकलवर आला की खटल्यातली हवाच जाते. प्रतिवादी स्वतः वादीच्या घरी राहायला आला, त्याला मुद्दे पुरवायला लागला, वर त्याचा आजार बरा केला, तर वाद उरला कुठे? पण तुमच्या काकांना नेमका हाच भाग आवडेल.

रोज_हरिपाठ

मी त्या काकांच्या बाजूने आहे. खुर्ची नेली ते चुकलं, उठले ते बरोबर केलं.

विनोदाला माझा विरोध नाही. आमच्या भजनी मंडळात एकनाथ महाराजांचं ‘सत्वर पाव गे मला’ होतं तेव्हा बायका हसून हसून आडव्या होतात. सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय, तर सासरा गावाला गेलाय त्याला तिकडेच खपव, सासूला लवकर ने. पण नाथ महाराज शेवटी सगळ्यांना घालवून ‘एकलीच राहू दे मला’ म्हणतात, तेव्हा कळतं की ही सासू, हा सासरा, हे आपल्याच आतले विकार आहेत. हसवत हसवत बाईला कुठे नेऊन सोडलं बघा. सिनेमावाले सासूला मारतात आणि तिथेच थांबतात. बाबा ढोंगी, बडवे लुबाडतात, नवस खोटे. बरं मग? पुढे काय? पुढचं सांगायची वेळ आली की पडदा पांढरा.

कनातीआड

हरिपाठवाल्या ताईंचा प्रश्न (ताई की दादा, माहीत नाही, क्षमा असावी) बिनतोड आहे. त्याच्याकडे येतो, पण लांबून. चहा घेऊन बसा.

माझे वडील तंबूतल्या सिनेमाचे ऑपरेटर. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडचा रथ, पालीचा खंडोबा, असा आमचा हिवाळा जायचा. मी शाळा बुडवून बरोबर. माझी जागा पडद्यामागे, तिथे कोणी उठवायचं नाही. देवाने उजवा हात वर केला की मला डावा दिसायचा. पुढे मोठेपणी आशीर्वादाचा हात उजवा असतो हे पाहून मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

यात्रेत पहिला खेळ देवाचा, हा नेम. मशीनला हार घालायचा, नारळ फोडायचा, मग मशीनच्या दिव्याचा कार्बन पेटवायचा. ‘जय संतोषी माँ’ 1975 चा, पण आमच्याकडे त्याची रिळं पुढे कितीतरी वर्षं फिरत होती, इतकी की शेवटी शेवटी देवीच्या चेहऱ्यावरून ओरखड्यांचा पाऊस पडायचा. त्या खेळाला बाया चपला कनातीबाहेर काढून यायच्या. देवी दिसली की पडद्यावर पैसे पडायचे, दहा पैसे, चार आणे. खेळ सुटला की मी आणि गेटवरचा पोरगा कंदील घेऊन मातीतून ते वेचायचो आणि वडील त्यातून कार्बनच्या कांड्या आणायचे. “देवीचा उजेड देवीच्या पैशानं,” म्हणायचे. शेवटच्या खेळाला दादा कोंडके. माणसं तीच, नुसत्या चपला आत.

एका वर्षी पालीला घोटाळा झाला. थंडी मरणाची, वडिलांच्या अंगात ताप, दोन्ही सिनेमांच्या पेट्या शेजारी शेजारी उघड्या. पडद्यावर बाईचं पोर मरायला टेकलेलं, ती देवळाच्या पायरीवर डोकं आपटतेय, घंटा घणाणतायत, आता देव प्रकट होणार, आणि रीळ संपलं. वडिलांनी घाईत दुसरं चढवलं. पडद्यावर आले दादा कोंडके. ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी.

तंबू चिडीचूप. मी पडद्याच्या कडेने डोकं काढलं. पहिल्या रांगेत एक म्हातारी मांडी घालून बसलेली, हात जोडलेले, ते तसेच. तिने बराच वेळ निरखून पाहिलं आणि शेजारणीला मोठ्यांदा विचारलं, “बया, ह्यो कंचा अवतार म्हनायचा?”

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. मागून चार-पाच जण बाह्या सारून मशीनकडे निघाले होते, ते मध्येच पोट धरून खाली बसले. म्हातारी स्वतः हसत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. वडिलांना बरोबर रीळ सापडून देव येईपर्यंत तिने हात सोडले नाहीत, आणि देव आल्यावर कनवटीचे चार आणे काढून टाकले. ते मीच वेचले.

हेच वाक्य गेटवर उभ्या राहिलेल्या कुणा शहाण्याने टाकलं असतं तर त्या रात्री मशीन मोडलं असतं आणि वडिलांचा हातही. म्हणून मी देवावरचा विनोदी सिनेमा बघताना एवढंच बघतो की विनोद करणारा कुठे बसलाय. ‘पीके’तला तर थेट परग्रहावरून आलेला. तो म्हणतो ते पुष्कळसं खरं असेलही, पण काकांना वाटलं हा गेटवरून बोलतोय.

आता पुढच्या रांगेतले दोन सांगतो.

पहिला ऐकून हसाल : प्रभातचा ‘संत तुकाराम’, 1936. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम सगळ्यांना आठवतात, 1937 ला व्हेनिसला सिनेमा गाजला तेही आठवतं. पण जिजाई विसरतात. गौरी नावाच्या नटीने केलीय. घरात दाणा नाही, नवरा अभंगात, पोर आजारी, आणि ही बाई पोराला ओढत देवळात नेते, हातात चप्पल, ती पांडुरंगाच्या मूर्तीवर उगारते. आज असा प्रसंग कोणी नव्याने लिहून दाखवावा. आमच्या तंबूत या जागेला टाळ्या पडायच्या आणि त्याच बाया दोन मिनिटांनी डोळे पुसायच्या. जनाबाई अंगणात उभी राहून ‘अरे विठ्या, अरे विठ्या’ म्हणून शिव्या घालते, त्याच घरातली ही जिजाई. पांडुरंगाशी तिचं रोजचं भांडण आहे, म्हणजे रोजचं बोलणं आहे. तुकारामांइतकंच, कदाचित थोडं जास्तच.

दुसरा ‘देऊळ’, 2011. उमेश कुलकर्णी दिग्दर्शक, गिरीश कुलकर्णींनी लिहिला आणि केश्याचं कामही त्यांचंच. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, शिवाय गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादांचा. मंगरूळ गाव. केश्या गावचे पुढारी भाऊ यांची ‘करडी’ गाय सांभाळतो. भर उन्हात झाडाखाली डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतात. तो गावभर ओरडत सुटतो. गावात एक शिकलेले अण्णा आहेत, दिलीप प्रभावळकर. ते त्याला सांगतात की दिसलं ते तुझ्यापाशी ठेव. पण बातमी पेपरात जाते, रिकामी पोरं भाऊंच्या मागे लागतात, आणि भाऊ (नाना पाटेकर), जे गावात दवाखाना काढायच्या गोष्टी करत होते, ते बघता बघता देवळाकडे वळतात. दुकानं लागतात, गाणी निघतात, पार्किंगचे पैसे सुरू होतात. कोणीही वाईट नाही हो त्यात. प्रत्येक जण आपापल्या परीने गावाचं भलंच करतोय. हसू येतं ते याचंच. भाऊ कसा सुटा होत जातो ते नानांच्या नुसत्या मानेवर दिसतं.

आणि आता ताई, तुमचा प्रश्न. सासू गेली, पुढे काय? ‘देऊळ’मध्ये दत्त पुन्हा येऊन कोणाला काही सांगत नाहीत, मोटरसायकल नाही, चमत्कार नाही. देव ज्याला दिसला त्यालाच देवळात रांग लावायची वेळ येते, आणि मग केश्या आपल्या देवासाठी जे करतो ते मी इथे सांगत नाही. एवढंच म्हणतो की त्याच्यापुरता तो ‘एकलीच राहू दे’पर्यंत पोचतो. गाव पोचत नाही.

लांबी दोन तासांहून जास्त आहे, तेव्हा आरती उरकून साडेसातला सुरू करा.

बर्फातला_बोरकर

कनातीआड, म्हातारीला नमस्कार सांगा, असतील तिथे.

मी इंग्लंडात असतो, त्यामुळे ‘लाइफ ऑफ ब्रायन’चं नाव काढायची जबाबदारी माझ्यावर येते. 1979, मॉन्टी पायथन. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या ब्रायनला लोक मसीहा ठरवतात, त्याची इच्छा नसताना. ऐन वेळी कंपनीने पैसे काढून घेतले तेव्हा बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने घर गहाण टाकलं. नॉर्वेत वर्षभर बंदी होती, तर शेजारी स्वीडनमध्ये ‘इतका विनोदी की नॉर्वेने बंदी घातली’ अशी जाहिरात केली. आयर्लंडमध्ये 1987 पर्यंत दाखवता येत नव्हता. तेव्हा ‘आमच्याच देवांवर विनोद करतात’ असं इथे अजून कोणी लिहिलेलं नाही, पण लिहिणारच असाल तर हे आधी वाचा.

कनातीआड यांच्या हिशोबाने पाहिलं तर त्यात येशूला धक्काही लावलेला नाही. तो डोंगरावर प्रवचन करतोय ते गंभीरपणेच दाखवलंय. कॅमेरा मागे मागे जातो, गर्दीच्या टोकाशी पोचतो, तिथे काहीच नीट ऐकू येत नाही आणि लोक ‘चीज बनवणारे धन्य’ असं काहीतरी ऐकून त्याचा अर्थ लावत बसलेत. सगळा सिनेमा त्या मागच्या रांगेबद्दल आहे. ब्रायनची चप्पल पायातून सुटते तर एक गट चपलेला खूण मानतो, दुसरा भोपळ्यावर अडून बसतो. पंथ कसे फुटतात ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दोन मिनिटांत कळलं.

मात्र पार्किंगमध्ये लावू नका. ब्रायन एका सकाळी खिडकी उघडतो, अंगावर सूत नाही, आणि खाली भक्तांची गर्दी. तुमच्या खुर्च्या एकदम बहात्तर घरांत जातील.

कॉलेज_रस्ता

वेळ कमी असेल तर सत्यजित राय यांचा ‘महापुरुष’, 1965, सव्वा तासाच्या आत संपतो. परशुराम म्हणजे राजशेखर बसू यांच्या ‘बिरिंची बाबा’ कथेवरून. बाबा आगगाडीच्या खिडकीतून सूर्याला उगवायची आज्ञा देतात आणि तो उगवतो, पहाट असल्यामुळे. दोन हातांची दोन बोटं उलटसुलट फिरवून दाखवतात, एक भूतकाळाकडे, एक भविष्याकडे. घरी करून बघा, जमत नाही. बंगाली आहे, सबटायटल वाचावे लागतील.

नाइलाजाने_उपाध्यक्ष

सगळ्यांचे आभार. चादरीवर सबटायटल दिसत नाहीत, घडीवर येतात, म्हणून बाबा बाद. ‘देऊळ’ ठरवतोय. सुरुवातीला जिजाईचा तेवढा तुकडा लावता येईल का बघतो.

रोज_हरिपाठ

ताईच. ‘संत तुकाराम’ मी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून पाहिला. जिजाईने चप्पल उचलली तेव्हा आजीने माझे डोळे झाकले होते आणि स्वतः बघत होती. तो दाखवणार असाल तर चालेल. ‘देऊळ’ पाहून सांगते.

नाइलाजाने_उपाध्यक्ष

झाला कार्यक्रम. लिहीन म्हटलं होतं म्हणून लिहितो.

आरती सव्वासातला आटोपली. जिजाईचा तुकडा लावला, आवाज जुना, खरखर फार, पण चप्पल वर गेली आणि बी विंगच्या तीन आज्या एकदम “हाण!” म्हणाल्या. नंतर ‘देऊळ’. साडेआठला पाऊस आला, चादरीची खालची बाजू भिजली आणि पुढचा सगळा वेळ मंगरूळ गाव गुडघ्यापर्यंत पाण्यात होतं. पण कोणी हललं नाही. देवळाच्या कमिटीच्या गोष्टी सुरू झाल्या तसा आमचा खजिनदार इतका हसला की त्याला ठसका लागला. पावतीवर लिहून मागणारे गृहस्थ शेवटी शेवटी डोळे पुसत होते, विचारलं तर म्हणाले डास.

ए विंगचे काका आले होते. खुर्ची घेऊन. उठले नाहीत. संपल्यावर खुर्चीची घडी केली, माझ्यासमोर भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “केश्याचं बरोबर आहे.” बास, एवढंच. मला वाटलं जिंकलो.

काल विसर्जनानंतरची बैठक झाली. हिशोब, शिल्लक, पुढच्या वर्षीचं नियोजन. शेजारच्या सोसायटीची मूर्ती पाच फुटी असते, आपली तीन फुटी बरी दिसत नाही, बाहेरचे लोक दर्शनाला यायला हवेत, आले तर दानपेटी ठेवता येईल, असं खजिनदाराने मांडलं. पुढच्या वर्षी सहा फुटी. शिवाय गेटवर कमान, आणि दर्शनाला येणाऱ्या गाड्यांसाठी पार्किंग मोकळं ठेवायचं, म्हणजे सिनेमा बंद. ठराव एकमताने मंजूर. सूचक काका, अनुमोदक मी.

कनातीआड

कमान कितीची?

नाइलाजाने_उपाध्यक्ष

कोटेशन मागवलंय.